जित्याची खोड

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, ही म्हण आपल्या घराघरांत इतक्या सहजपणे उच्चारली जाते, की तो एक दावा आहे आणि कोणताही दावा खरा किंवा खोटा असू शकतो, हे आपल्या ध्यानातही येत नाही. व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या तरुणाविषयी शेजारी ती म्हणतात. वाटणीच्या वेळी रागाने उठून गेलेला भाऊ दहा वर्षांनी दारात उभा राहिला, तर आतल्या खोलीत कोणीतरी ती पुटपुटते. सोयरीक जुळवताना मुलाच्या घराण्याचा तापटपणा कानांवर आला, की वडीलधारी मंडळी तिचाच आधार घेतात. गंमत अशी, की दुसऱ्याच्या बाबतीत ही म्हण निवाड्यासारखी वापरणारा माणूस स्वतःच्या बाबतीत ती सबबीसारखी वापरतो. ‘आता या वयात माझा स्वभाव काय बदलणार?’ असे म्हणून तो मोकळा होतो. एकाच वाक्याने आपण दुसऱ्याला शिक्षा सुनावतो आणि स्वतःला सूट देतो.

ही म्हण खरी आहे काय, हे विचारणे नीतिविचाराच्या दृष्टीने अगत्याचे आहे. प्रौढ माणूस बदलूच शकत नसेल, तर त्याच्याकडून बदलाची अपेक्षा धरणे हा त्याच्यावर अन्याय ठरेल आणि त्याला दुसरी संधी देणे हा भाबडेपणा ठरेल. तो बदलू शकत असेल, तर मात्र त्याच्यावर आणि त्याच्या भोवतीच्या आपणां सर्वांवर काही जबाबदारी येऊन पडते. सवय, भीती, कौशल्य, स्वभाव या साऱ्यांचा काही ना काही ठसा मेंदूत असतो. तो ठसा प्रौढ वयात पुसट होऊ शकतो का, त्या जागी नवा उमटू शकतो का, एवढा भाग शरीरशास्त्राचा आहे. त्याचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत पुष्कळ पालटले. ते पालटण्यास जे शोध कारणीभूत झाले, त्यांत मेंदूच्या पेशींच्या पृष्ठभागावरील काही रेणूंचा वाटा मोठा आहे.

पूर्वीचे उत्तर म्हणीच्याच बाजूचे होते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या महाग्रंथात असे मत मांडले, की तिशी गाठेपर्यंत माणसाचे शील प्लास्टरसारखे घट्ट झालेले असते. आणि बहुतेकांच्या बाबतीत ते तसे होणे जगाच्या हिताचेच आहे. मेंदूच्या सूक्ष्म रचनेचे आद्य अभ्यासक, स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल, यांनाही प्रौढ मेंदूतील मार्ग कायमचे ठरून गेलेले दिसले. मात्र हा निर्णय एक दिवस फिरवून दाखवावा, अशी अपेक्षाही त्यांनी भावी विज्ञानाकडून व्यक्त केली. पुढे १९६० नंतरच्या दशकात डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजराच्या पिलांवर प्रसिद्ध प्रयोग केले. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पिलाचा एक डोळा शिवून बंद ठेवला, तर पुढे तो उघडल्यावरही मेंदूचा दृष्टिभाग त्या डोळ्याला जवळजवळ ओळखतच नाही. तोच डोळा प्रौढ मांजराचा बंद ठेवला, तर मात्र मेंदूत फारसा फरक पडत नाही. याचा अर्थ मेंदू घडण्याचा एक काळ असतो. तो सरला की दार लागते. लहान मुलांच्या ‘आळशी’ डोळ्यावरचे उपचार होता होईल तो लवकर करावेत असे डॉक्टर सांगतात, त्यामागे हेच कारण आहे. ह्यूबेल आणि वीझल यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

दार लागते हे खरे. पण ते कशाने लागते? येथून पुढचा इतिहास आम्हांला विशेष उद्‌बोधक वाटतो.

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एक पेशी दुसरीशी जेथे बोलते त्या जागेला संधिस्थान म्हणू. आपण शिकतो, सवय लावून घेतो, घाबरतो, तेव्हा ही संधिस्थाने बळावतात, दुबळी होतात, नवी तयार होतात किंवा जुनी मोडतात. पण पेशी काही हवेत तरंगत नसतात. त्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, आणि त्यांच्या भोवती साहाय्यक पेशींची दाटी असते. ज्या पृष्ठभागाने पेशी शेजारणीला धरून ठेवते, त्या पृष्ठभागावर नाना प्रकारची प्रथिने असतात. आपल्यासारखीच पेशी ओळखून तिचा हात धरणे, भोवतीच्या द्रव्यात पाय रोवून उभे राहणे, संधिस्थानाच्या दोन्ही काठांना एकमेकांसमोर आणणे, अशी त्यांची कामे वाटलेली असतात. जोडणी बदलायची असेल, तर ही पकड आधी सैल व्हावी लागते आणि नवी जागा मिळाल्यावर पुन्हा घट्ट व्हावी लागते.

अशा पकड धरणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचा शोध १९७० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क येथे जेराल्ड एडलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. त्याचे नाव एनकॅम. एका पेशीवरचा एनकॅम शेजारच्या पेशीवरच्या एनकॅमला धरतो. परंतु गर्भाच्या मेंदूत, जेथे पेशींना अजून दूरवर प्रवास करायचा असतो, तेथे या प्रथिनाला एका शर्करावर्गीय आम्लाची लांबच लांब साखळी लटकलेली आढळते. त्या आम्लाचे पन्नासाहून अधिक दुवे एकापुढे एक जोडलेले असू शकतात. त्याला पॉलिसायलिक आम्ल म्हणतात. ही साखळी ऋणभारित असते आणि भोवतीचे पाणी ओढून धरते. फुगलेल्या गादीसारखी ती दोन पेशींच्या मध्ये येते आणि त्यांना किंचित दूर सारते. ज्या प्रथिनाचे काम धरून ठेवण्याचे, त्याच्याच अंगावर धरू न देणारी ही साखळी असावी, हे नवल आहे. जन्मानंतर मेंदू जसजसा प्रौढ होतो, तसतशी ती बहुतेक भागांतून नाहीशी होते. मात्र सर्व भागांतून नाही. नव्या स्मृती घडविणाऱ्या भागात, गंधाच्या मार्गावर आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतकात ती प्रौढपणीही टिकून राहते. जेथे बदलाचे काम संपलेले नाही, तेथे निसर्गाने ती काढून घेतलेली नाही.

अधश्चेतकातील हकीकत थोडी सविस्तर सांगण्याजोगी आहे. तेथे ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक तयार करणाऱ्या मोठ्या चेतापेशी असतात. बाळ स्तनाला लागले की आईला पान्हा फुटतो तो या संप्रेरकामुळे. एरवी या पेशींच्या मधून साहाय्यक पेशींचे पातळ पदर गेलेले असतात. फ्रान्समधील बोर्दो येथे डियोनिझिया थिओडोसिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या माद्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून असे दाखवले, की प्रसूतीच्या सुमारास आणि पिले दूध पीत असतात त्या काळात हे पदर मागे सरतात, ऑक्सिटोसिनच्या पेशी एकमेकींना थेट समोरासमोर येतात आणि त्यांच्यावर नवी संधिस्थाने तयार होतात. पिलांचे दूध तुटले की पदर पुन्हा आपल्या जागी येतात आणि रचना पूर्ववत होते. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या मेंदूत ही उलथापालथ घडते, आणि पुढच्या खेपेला ती पुन्हा घडू शकते. १९९९ साली याच संशोधकांनी एका विशिष्ट विकराच्या साहाय्याने त्या जागेतील पॉलिसायलिक आम्लाची साखळी तेवढी छाटून टाकली. माद्या व्याल्या, पण पेशींची ती फेररचना झाली नाही.

यातून एक गोष्ट फार काळजीपूर्वक समजून घेतली पाहिजे. ती साखळी त्या पेशींवर केवळ बाळंतपणातच येते असे नाही. ती बारमाही तेथेच असते. मादी गाभण नसतानाही असते. म्हणजे ती बदल घडवून आणत नाही. बदलाला आडकाठी होऊ देत नाही, एवढेच. प्रसंग येतो तो बाहेरून: गर्भ वाढतो, पिले अंगाला लागतात, पेशी कामाला लागतात आणि मग रचना हलते. साखळी ही आज्ञा नव्हे, मुभा आहे. ‘मेंदूतच तसे आहे, मी काय करणार’ असे म्हणणारा मुभेला आज्ञा समजतो. ‘मेंदू बदलतो, तेव्हा मनात आणले की कोणीही बदलेल’ असे म्हणणाराही, आमच्या मते, तीच गफलत दुसऱ्या टोकाने करतो.

आता जाळ्याकडे वळू. मेंदूतील काही चेतापेशींभोवती, विशेषतः इतरांना आवर घालणाऱ्या पेशींभोवती, एक बारीक जाळीदार आवरण असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीच्या कामिल्लो गोल्गी यांनी ते पाहून ठेवले होते. पण पुढे कितीतरी वर्षे त्याला कोणी फारसे महत्त्व दिले नाही. ते कशाचे बनलेले असते? त्यातला एक मुख्य घटक आहे काँड्रॉइटिन सल्फेट. हे नाव आपल्यापैकी अनेकांनी गुडघेदुखीच्या गोळ्यांच्या वेष्टनावर वाचले असेल, कारण सांध्यांच्या कूर्चेतही तेच द्रव्य असते. (त्या गोळ्यांनी मेंदूचे जाळे घट्ट होईल अशी भीती कोणी बाळगू नये.) हे जाळे पेशीच्या पृष्ठभागाला बांधलेले असते, संधिस्थानांपुरती भोके त्यात मोकळी असतात आणि बाकीचा पृष्ठभाग झाकलेला असतो. ते जन्मतः नसते. मेंदू घडण्याचा नाजूक काळ संपत येतो, तेव्हाच ते विणले जाते.

२००२ साली पीसा येथील तोम्मासो पिझ्झोरुसो, लांबेर्तो माफेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धीट प्रयोग केला. एका जीवाणूपासून मिळणारा, काँड्रॉइटिनचे तुकडे करणारा विकर त्यांनी प्रौढ उंदरांच्या दृष्टिभागात सोडला आणि जाळे विरघळवले. मग एक डोळा बंद ठेवला. ह्यूबेल आणि वीझल यांनी प्रौढ मांजरात जे घडत नाही म्हणून दाखवले होते, ते या प्रौढ उंदरांत घडले: मेंदू उघड्या डोळ्याकडे झुकला. लागलेले दार पुन्हा उघडता येते, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पण त्याहून मोलाची गोष्ट अशी, की ते दार आपोआप गंजून बसलेले नव्हते. प्रौढ मेंदूचे स्थैर्य म्हणजे शक्ती संपल्याचे लक्षण, अशी समजूत होती. वस्तुतः हे स्थैर्य मेंदू स्वतः विणतो आणि सांभाळतो.

जेम्स यांनी स्थैर्य जगाच्या हिताचे मानले, ते येथे आठवावे. आपल्याकडच्या प्रवचनांत ‘बदल’ हा शब्द नेहमी चांगल्या अर्थाने येतो. प्रायश्चित्तकाळात तर तो पदोपदी येतो. पण सर्व काही बदलू शकले असते तर? चाळीस वर्षे संसार केलेल्या बाईला नवऱ्याच्या चपलांचा आवाज ओळखू येतो. सुताराच्या हाताला रंध्याचा दाब सांगावा लागत नाही. आजीला पाठ असलेली लितानी, बालपणी कानांवर पडलेली बोली, दिलेला शब्द पाळण्याची अंगवळणी पडलेली रीत, हे सारे टिकते ते मेंदू सहजासहजी हलत नाही म्हणून. ज्या प्रकारच्या घट्टपणामुळे खोड टिकते, त्याच प्रकारच्या घट्टपणामुळे निष्ठाही टिकते. संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनात सवयीला साखळीची उपमा दिली आहे, आणि ती साखळी माणसाच्या स्वतःच्याच इच्छेतून दुव्यामागून दुवा अशी घडत जाते असे दाखवले आहे. त्यांना पेशी ठाऊक नव्हत्या. पण आपल्याला बांधून ठेवणारे काही आपणच घडवलेले असते, हे त्यांनी अचूक पाहिले. त्यांचा बाप्तिस्मा ३८७ साली झाला, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती. जेम्स यांच्या हिशेबाने प्लास्टर वाळून गेले होते.

खरा नैतिक पेच उभा राहतो तो भीतीच्या बाबतीत. २००९ साली स्वित्झर्लंडमधील बाझल येथील संशोधकांनी उंदरांच्या मेंदूतील भीतीचे केंद्र तपासले. उंदराला एक आवाज ऐकवून लगेच सौम्य विजेचा झटका दिला, की पुढे नुसत्या आवाजानेही तो गोठून उभा राहतो. मग तोच आवाज झटका न देता वारंवार ऐकवला, की भीती ओसरते. अगदी लहान पिलांत ती कायमची जाते. प्रौढांत मात्र ती दबून राहते आणि निमित्त मिळताच परत वर येते. पिलांतून प्रौढांत होणारा हा पालट, भीतिकेंद्रात ते जाळे विणले जाते त्याच सुमारास होतो. प्रौढ उंदरांतील जाळे विकराने विरघळवले, तेव्हा त्यांचीही भीती पिलांसारखी पुसता येऊ लागली. पण एक अट होती. जाळे विरघळवल्यानंतर जी भीती मनात बसली, तीच पुसली गेली. आधीची भीती तशीच राहिली.

आपल्यातल्या ज्यांनी आयुष्यात काही भयंकर सोसले आहे, त्यांना ही बातमी आशेची वाटेल, आणि वाटावी. मेंदूच्या विकारांवर असा उपचार माणसाला नित्य उपलब्ध झालेला नाही. तरी उद्या तो झाला असे समजू. लहानपणी घरात मार खाल्लेल्या बाईची भीती पुसावी काय? रात्री दचकून उठणाऱ्या सैनिकाची? आम्हांला वाटते, दुःख हलके करण्याला नाही म्हणण्याचा अधिकार ते न सोसलेल्यांना नाही. परंतु भीती जाणे आणि अन्याय विसरणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. उंदराला आवाज आठवत असेलही. तो गोठत नाही, इतकेच. माणसाच्या बाबतीत क्षमा करायची तर काय घडले हे स्मरणात असावे लागते. ज्याला आठवतच नाही, तो क्षमा कशाची करणार? आणि ज्याने मारले, त्याच्या हाती तो विकर असता तर? बळी पडलेल्याचे मेंदूचे जाळे विरघळवून अपराध मिटवण्याचा मोह सत्तावानांना होणार नाही, याची हमी इतिहास देत नाही. स्मृती हा पुष्कळदा दुर्बळांचा एकमेव पुरावा असतो. म्हणून भीती कमी करावी की नाही याचा निर्णय जिची भीती तिच्याच हाती असला पाहिजे, आणि घडलेल्या गोष्टीची जबाबदारी त्या निर्णयाने कोणाचीही कमी होता कामा नये.

त्याच वर्षी, २००९ साली, इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नीतीचा विचार करणाऱ्याने ते, आमच्या मते, या साऱ्यांत सर्वाधिक मनन करण्याजोगे आहेत. मानेच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांना तोच विकर देण्यात आला. पंजाने बारीक वस्तू नेमकी उचलण्याचे त्यांचे कसब त्या इजेने गेले होते. काही उंदरांकडून पंजाने उचलण्याचा सराव करून घेतला. काहींकडून केवळ चालण्या-फिरण्याचा. विकरामुळे तंतूंना नवे कोंब दोन्ही गटांत फुटले. पण पंजाचे कसब परत आले ते फक्त, विकर आणि पंजाचा सराव दोन्ही ज्यांना मिळाले त्यांनाच. ज्यांनी चालण्याचा सराव केला, ते शिडीवरून चांगले चालू लागले. मात्र पंजाने उचलण्यात ते काहीही उपचार न मिळालेल्या उंदरांपेक्षाही मागे पडले. पकड सैल झाली, जागा मोकळी झाली आणि ज्याचा सराव होत होता त्याने ती जागा घेतली. दुसऱ्याची जागा गेली ती गेलीच.

पुढे २०१४ साली उंदरांवरच झालेल्या एका अभ्यासात व्यसनाच्या स्मृतींबाबतही असेच काहीसे दिसले. मादक द्रव्याची चटक लागलेल्या उंदरांच्या भीतिकेंद्रातील जाळे विरघळवले आणि त्याच्या जोडीला ती चटक मोडण्याचा सराव दिला, तेव्हा व्यसन पुन्हा उफाळून येण्याचे प्रमाण घटले. येथेही सरावावाचून काम झाले नाही.

येथे कोणी म्हणेल, की उंदराच्या मेंदूवरून माणसाच्या शीलाविषयी बोलणे हा आगाऊपणा आहे. आक्षेप रास्त आहे. शील म्हणजे केवळ संधिस्थानांची बेरीज नव्हे, आणि उंदराला पश्चात्ताप होत नाही. या प्रयोगांतून कोणताही नैतिक नियम सिद्ध होत नाही. त्यांनी एवढेच केले आहे, की ‘शरीरच बदलू देत नाही’ ही सबब पूर्वीइतकी भक्कम ठेवली नाही. प्रौढ माणसाचा मेंदू बदलतो हे माणसावरच्या पाहणीतूनही दिसले आहे. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. तेथील ७९ उमेदवारांची परीक्षेआधी, आणि त्यांच्यापैकी अनेकांची काही वर्षांनी पुन्हा, मेंदूची तपासणी करण्यात आली. २०११ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतले ३९ जण उत्तीर्ण झाले, आणि स्मृतीच्या केंद्राचा मागचा भाग वाढलेला आढळला तो त्यांच्यात. इतरांत तशी वाढ दिसली नाही.

या दुसऱ्या गटाकडे आपले लक्ष जावे. मेंदू बदलू शकतो असे एकदा मान्य केले, की न बदललेल्याला दोषी ठरवण्याची घाई होते, आणि ती घाई जुन्या म्हणीइतकीच निष्ठुर असते. वय वाढते तशी पॉलिसायलिक आम्लाची ती साखळी स्मृतीच्या केंद्रातही कमी होत जाते. पक्षाघाताने, स्मृतिभ्रंशाने, दीर्घ मनोविकाराने ज्यांची वाट अडलेली आहे, त्यांना ‘मनावर घ्या’ असे सांगणारे नातेवाईक आपण सर्वांनी पाहिले आहेत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, कृत्याची जबाबदारी ज्या कारणांनी कमी होऊ शकते किंवा उरतही नाही, त्यांत भीती आणि सवय यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तो ग्रंथ लिहिणाऱ्यांसमोर हे प्रयोग नव्हते. पण बाझलच्या आणि केंब्रिजच्या प्रयोगशाळांत ज्या दोन गोष्टींचा पाठलाग चालू होता, नेमक्या त्याच या दोन. जबाबदारी कमी होते म्हणजे माणूस कमी होतो असे नव्हे. त्याला सोबत अधिक लागते.

तेव्हा व्यसनमुक्ती केंद्रातून परतलेल्या त्या तरुणाचे काय? घरचे लोक त्याच्याबद्दल दोनच प्रश्न विचारतात: तो सुधारला आहे का, आणि कपाटाची किल्ली त्याच्या हाती द्यावी का. पहिल्या प्रश्नाला आज उत्तर नाही, कारण केंद्रातल्या काही महिन्यांत जे झाले असेल ते फार तर पकड सैल होण्याचे काम आहे. दुसरा प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि किल्ली काही दिवस आईकडे राहिली तर त्यात त्याचा अपमान नाही. विचारण्याजोगा प्रश्न तिसराच आहे. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात तो काय करतो? पूर्वी याच वेळी तो नाक्यावर जात असे. जुने सोबती आजही तेथेच आहेत, आणि त्यांनी त्याला टाकलेले नाही. चुलता आपल्या मोटारदुरुस्तीच्या दुकानात त्याला त्या दोन तासांपुरते घेईल का? गायनवृंदाचा सराव सव्वासहाला असतो. तेथे बाजाच्या पेटीजवळची खुर्ची त्याच्यासाठी कोणी धरून ठेवील का? घरी जेवणे लवकर आटोपून त्याच्याबरोबर कोणी बंदरापर्यंत चालत जाईल का, आज, उद्या आणि पावसाळा लागल्यावरसुद्धा?